कुत्र्याची ॲड्रिनल ग्रंथी थकत नाही, नष्ट होते : ॲडिसनच्या आजाराविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये ॲडिसनच्या आजाराविषयीचा एक लांबलचक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचा मजकूर गटागणिक थोडाफार बदलतो, पण दावे ठरलेले असतात. या आजारात ताणामुळे ॲड्रिनल ग्रंथी थकते आणि विश्रांती व सकस आहार मिळाला की पूर्ववत होते, असे त्यात म्हटलेले असते. रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम ठीक असेल तर हा आजार नाहीच, आणि ॲड्रिनलचे काम तपासणारी एसीटीएच चाचणी बिल वाढवण्यासाठी सांगितली जाते, एकदा कॉर्टिसॉल मोजले की पुरे, असेही त्यात असते. पुढे मीठ आणि ज्येष्ठमधाची पूड देण्याचा घरगुती उपाय येतो. शेवटी सल्ला असा, की स्टिरॉइडच्या गोळ्यांनी किडनी आणि यकृत खराब होते, त्यामुळे कुत्रा खाऊपिऊ लागला की त्या बंद कराव्यात.

असा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आपल्या मुक्या जनावराला आयुष्यभर गोळ्या द्याव्या लागणार हे ऐकल्यावर कोणालाही दुसरी वाट शोधावीशी वाटते. परंतु शेवटचा सल्ला पाळला गेला तर कुत्रा काही दिवसांत दगावू शकतो, आणि आधीचे दावे त्या सल्ल्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या आहेत. म्हणून एकेक दावा तपासणे आवश्यक आहे.

ग्रंथी थकते, या दाव्यापासून सुरुवात करू. दोन्ही मूत्रपिंडांच्या जवळ एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते आणि तिच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, दोन अत्यावश्यक संप्रेरके तयार होतात. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सोडियम राखून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. कॉर्टिसॉल रक्तदाब, रक्तातली साखर, आतड्याचे अस्तर आणि आजारपणातली तग धरण्याची शक्ती सांभाळते. ॲडिसनच्या आजारात बहुतेक कुत्र्यांमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या कॉर्टेक्सवर हल्ला करते आणि त्यातल्या पेशी नष्ट होतात. सुमारे ८५ ते ९० टक्के कॉर्टेक्स गेल्यानंतरच लक्षणे ठळकपणे दिसू लागतात. म्हणजे मालकाला कुत्रा मलूल दिसू लागतो तोपर्यंत ग्रंथीत उरलेले फारच थोडे असते, आणि गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली माणसांमधल्या या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्यामागे क्षयरोगाने पोखरलेल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात सापडत. पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून दाखवून दिले की त्यांच्याशिवाय प्राणी जगत नाही. थकव्याचा सिद्धांत या दोन निरीक्षणांपुढे तेव्हाही टिकला नसता.

तरीही या दाव्यात सत्याचा एक कण आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे सांगितले पाहिजे. खाज सुटते म्हणून एखाद्या कुत्र्याला महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने दिली गेली, तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे आज्ञा देणारे संप्रेरक सोडणे कमी करते आणि ॲड्रिनलचा कॉर्टिसॉल बनवणारा थर आक्रसतो. अशा वेळी औषध एकाएकी थांबवले तर कुत्र्याची अवस्था ॲडिसनसारखी होते. हा थर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरू शकतो. पण तो सावरेपर्यंत कमी मात्रेतले स्टिरॉइड चालू ठेवून ते पायरीपायरीने उतरवावे लागते, नुसत्या विश्रांतीने भागत नाही. कानात किंवा डोळ्यांत दीर्घकाळ घातलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनीही हे होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना औषधांचा इतिहास सांगताना मलम आणि थेंबही सांगावेत. कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त झाल्याच्या, आजारासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायलोस्टेन किंवा मायटोटेन या औषधांनीही ग्रंथी दबते, आणि कधीकधी ती कायमची जाते.

दुसरा दावा सोडियम आणि पोटॅशियमचा. हे अहवाल महत्त्वाचे आहेत यात वाद नाही. अल्डोस्टेरॉन नसले की लघवीवाटे सोडियम वाहून जाते, त्यामागून पाणी जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि पोटॅशियम साचत जाते. निरोगी कुत्र्यात सोडियमला पोटॅशियमने भागले असता उत्तर साधारण २७ ते ४० च्या दरम्यान येते. ते २७ च्या खाली गेले की संशय घ्यावा, २० च्या खाली गेले तर तो पक्का होत जातो. परंतु संशय आणि निदान यांत अंतर आहे. व्हिपवर्म या आतड्यातल्या जंतांचा जोराचा प्रादुर्भाव, तीव्र जुलाब, मूत्रपिंड निकामी होणे, लघवी अडणे, छातीत साचलेले पाणी वारंवार काढणे, अशा अनेक कारणांनी हेच प्रमाण घसरू शकते आणि त्या कुत्र्याची ॲड्रिनल मात्र ठणठणीत असते. उलट, ॲडिसन झालेल्या कुत्र्यांपैकी काहींमध्ये हे दोन्ही क्षार अगदी सामान्य असतात, कारण त्यांच्यात कमतरता मुख्यतः कॉर्टिसॉलची असते. हे कुत्रे कोसळत नाहीत. ते महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतात, अधूनमधून उलट्या करतात, त्यांचे वजन उतरत जाते आणि घरचे लोक म्हणतात की हा पहिल्यापासून खायला नखरेल आहे. यांतल्या काहींचे क्षार पुढे बिघडतात, म्हणून निदानानंतरही ते अधूनमधून मोजत राहावे लागतात.

अशा कुत्र्यांच्या बाबतीत साध्या रक्ततपासणीतच एक खूण असते आणि ती फार वेळा नजरेतून सुटते. खरोखर आजारी असलेल्या कुत्र्याच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि त्यामुळे रक्तातल्या लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात. गंभीर दिसणाऱ्या कुत्र्याच्या अहवालात या पेशी सामान्य किंवा वाढलेल्या असतील तर थांबून विचार करावा. त्याच्या जोडीला अल्ब्युमिन कमी, कोलेस्टेरॉल कमी, साखर कमी किंवा सौम्य पंडुरोग असेल तर ॲड्रिनलची चाचणी टाळू नये. ‘नॉर्मल रेंजमध्ये आहे’ एवढे वाचून कागद बाजूला ठेवण्याची सवय इथे घातक ठरते.

निदान चुकण्याचे आपल्याकडचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. संदेशात त्यांचा उल्लेखही नसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिला मार्ग गोचीड तापाचा. गोचिडांतून पसरणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू आपल्या भागात इतके आहेत की मलूल, न खाणारा, थोडा फिका पडलेला कुत्रा आला की तोच संशय आधी येतो, आणि बहुतेकदा तो योग्यही असतो. मग डॉक्सिसायक्लिन सुरू होते, सलाइन लावले जाते, सोबत स्टिरॉइडचे एखादे इंजेक्शन दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत उभा राहतो. त्याला ॲडिसन असेल तर सलाइनमधल्या सोडियमने आणि त्या एका स्टिरॉइडने त्याची दोन्ही कमतरता तात्पुरती भरून काढलेली असते, पण श्रेय प्रतिजैविकाला जाते. दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा आडवा होतो आणि पुन्हा गोचीड तापाचेच उपचार होतात. सलाइन लावले की झपाट्याने सुधारणारा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसाच पडणारा कुत्रा, हे या आजाराचे सर्वांत बोलके लक्षण आहे आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा मालकाला आधी दिसते.

दुसरा मार्ग किडनीचा. रक्ताचे आकारमान घटल्याने मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही, युरिया आणि क्रिएटिनिन वाढते. सोडियमच्या कमतरतेमुळे मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमताही मंदावते, त्यामुळे लघवी पातळ दिसते. वाढलेले क्रिएटिनिन आणि पातळ लघवी, ही जोडी मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण म्हणून शिकवली जाते. अशा अहवालावर मालकाला आशा सोडायला सांगितले जाते, कधी दयामरणाचा पर्यायही पुढे येतो, आणि तो कुत्रा प्रत्यक्षात ॲडिसनसारख्या उपचारसाध्य आजाराने आजारी असतो. चार-पाच वर्षांच्या, आधी धडधाकट असलेल्या कुत्र्याची, विशेषतः मादीची, ‘किडनी एकदम गेली’ असे कोणी सांगितले तर ॲड्रिनलची चाचणी झाली का, हे जरूर विचारावे. स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बिअर्डेड कॉली, ग्रेट डेन, वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत हा आजार जास्त दिसतो, पण तो कोणत्याही जातीच्या आणि गावठी कुत्र्यालाही होऊ शकतो.

आता एसीटीएच चाचणी पैशांसाठी सांगितली जाते, या आरोपाकडे वळतो. त्यातला एक भाग मी मान्य करतो. कॉर्टिसॉलची एक साधी तपासणी खरोखर उपयोगाची आहे, पण फक्त एका दिशेने. विश्रांतीच्या अवस्थेतले कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आले तर ॲडिसनची शक्यता जवळजवळ संपते आणि पुढचा खर्च वाचतो. ते २ च्या खाली आले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पूर्णपणे निरोगी ॲड्रिनल असलेल्या कुत्र्यातही दिवसातल्या एखाद्या क्षणी ते इतके कमी असू शकते. या एका आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू करणे चूक आहे.

म्हणून ग्रंथीला आज्ञा देऊन पाहावे लागते. आधी रक्ताचा एक नमुना घेतात, मग कृत्रिम एसीटीएचचे इंजेक्शन किलोमागे ५ मायक्रोग्रॅम या मात्रेने शिरेतून देतात आणि बरोबर एका तासाने दुसरा नमुना घेतात. निरोगी ग्रंथी या आज्ञेला कॉर्टिसॉल अनेक पटींनी वाढवून उत्तर देते. दुसऱ्या नमुन्यातही ते २ मायक्रोग्रॅमच्या खालीच राहिले, तर उत्तर द्यायला ग्रंथीत काही उरलेले नाही हे स्पष्ट होते. औषधाची कुपी महाग आहे आणि लहान गावांत ती मिळवायला धावपळ करावी लागते, हे खरे आहे. परंतु कुपी २५० मायक्रोग्रॅमची असते आणि वीस किलोच्या कुत्र्याला १०० मायक्रोग्रॅम पुरते. उरलेले द्रावण प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये योग्य रीतीने गोठवून ठेवले तर काही महिने वापरता येते, त्यामुळे दोन दवाखान्यांनी मिळून एक कुपी वापरणे शक्य आहे. चाचणी नको असे सांगणाऱ्यांनी तिचा खर्च कसा कमी होईल हे सांगितले असते तर मालकांचे खरे भले झाले असते.

चाचणीआधी कोणते स्टिरॉइड दिले आहे याने अहवाल बदलतो. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन प्रयोगशाळेच्या यंत्राला कॉर्टिसॉलसारखेच भासतात, त्यामुळे आकडा खोटा वाढतो आणि आजार लपतो. डेक्सामेथासोनचे तसे होत नाही. कुत्रा अत्यवस्थ असेल आणि स्टिरॉइड देणे थांबवता येत नसेल, तर डेक्सामेथासोन देऊन लगेच चाचणी करता येते. म्हणूनच दुसऱ्या दवाखान्यात जाताना आधीच्या इंजेक्शनांची नावे लिहून नेणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

मीठ आणि ज्येष्ठमध यांचा दावा सर्वांत लोकप्रिय आहे आणि तो सर्वांत नीट तपासण्याजोगाही आहे. मिठात तथ्य आहे. संप्रेरके हाती येण्यापूर्वीच्या काळात, १९३० च्या दशकात, ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना भरपूर मीठ दिल्यावर ती जास्त दिवस जगतात हे दिसून आले होते. पण ती जास्त दिवस जगत, निरोगी होत नसत, कारण मीठ आत घातले तरी ते धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन नव्हते, पोटॅशियम बाहेर काढणारे काही नव्हते आणि कॉर्टिसॉलची उणीव तर मिठाने भरून निघतच नाही. आणि भरपूर मिठाचे जे काम त्या प्रयोगांत दिसले ते चिमूटभर मिठाने होईल, ही अपेक्षाही चुकीची आहे. शिवाय उलट्या करणारा कुत्रा ते पोटात ठेवेल याचीही खात्री नाही.

ज्येष्ठमधाची गोष्ट अधिक बारीक आहे. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात सोडियम आणि पाणी साठते हे खरे आहे, आणि १९५० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ॲडिसन झालेल्या माणसांवर ज्येष्ठमधाचा अर्क वापरूनही पाहिला होता. त्यांना आढळले ते असे, की ज्या रुग्णांची ग्रंथी थोडीफार काम करत होती किंवा ज्यांना बाहेरून कॉर्टिझोन दिले जात होते त्यांच्यातच गुण दिसतो. त्याचे कारण पुढे उलगडले. मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारे एक विकर असते. ज्येष्ठमध त्या विकराला अडवते, त्यामुळे कॉर्टिसॉल तिथे टिकते आणि अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. म्हणजे ज्येष्ठमध स्वतः काही पुरवत नाही, असलेले कॉर्टिसॉल वाचवते. ज्या कुत्र्यात कॉर्टिसॉलच नाही त्याच्यात वाचवायला काय उरले? घशाला आराम म्हणून आपल्या घरांत ज्येष्ठमधाला जे स्थान आहे त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही, पण ॲड्रिनल नष्ट झालेल्या कुत्र्याच्या भांड्यात ती पूड टाकून निर्धास्त होणे म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालवणे आहे. आणि जो कुत्रा आधीच औषधांवर आहे त्याच्यात ती पोटॅशियम अवेळी खाली ढकलू शकते.

आता शेवटचा आणि सर्वांत धोकादायक दावा, स्टिरॉइड सोडवण्याचा. स्टिरॉइडची भीती निराधार नाही. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास ती तहान, भूक आणि लघवी वाढवतात, स्नायू झिजवतात, यकृत फुगवतात. पण मात्रा पाहिल्याशिवाय ही भीती इथे लागू करता येत नाही. वीस किलोच्या कुत्र्यात प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते. ॲडिसनमध्ये त्याच कुत्र्याला साधारण २ ते ४ मिलिग्रॅम पुरते, आणि कित्येकांना त्याहूनही कमी. ही मात्रा निरोगी ग्रंथी रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते तेवढ्याच तोलाची असते. तहान वाढलेली दिसली तर मात्रा उतरवायची असते, औषध बंद करायचे नसते.

प्रेडनिसोलोनच्या जोडीला अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे औषध लागते. परदेशात त्यासाठी डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन पिव्हॅलेट हे साधारण २५ दिवसांनी द्यायचे इंजेक्शन सर्रास वापरतात. सुरुवातीला दहा ते चौदा दिवसांनी आणि पुन्हा पंचविसाव्या दिवशी क्षार मोजून त्याची मात्रा आणि अंतर बसवतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बहुतेकांना माणसांसाठी बनवलेल्या फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांवर भागवावे लागते. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन ते चार गोळ्या लागू शकतात आणि पहिल्या काही महिन्यांत ही संख्या वाढतही जाते. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला हा खर्च जड जातो हे नाकारण्यात अर्थ नाही. तो जड जात असेल तर डॉक्टरांशी उघडपणे बोलावे, कारण मात्रा नीट बसवली तर बरीच बचत होते. गोळ्या स्वतःहून अर्ध्या करणे ही बचत नव्हे.

औषध थांबल्यावर काय होते हे स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे. सोडियम आणि पाणी वाहून जाते, रक्तदाब कोसळतो, पोटॅशियम चढते. अशा अवस्थेत आणलेल्या कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या आणि पाय गार असतात. शॉकमध्ये एरवी हृदयाचे ठोके दीडशेच्या पुढे धावायला हवेत, पण इथे ते साठ-सत्तरच्या आसपास रेंगाळतात. ईसीजीवर टी लहर उंच आणि टोकदार होते, पी लहर पुसट होत नाहीशी होते. त्या क्षणी शिरेतून द्रव, डेक्सामेथासोन, हृदयाच्या बचावासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज, हे सारे तासाभरात करावे लागते. द्रव देतानाही दीर्घकाळ खाली राहिलेले सोडियम २४ तासांत लिटरमागे १० ते १२ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त चढू न देण्याची दक्षता घ्यावी लागते, नाहीतर मेंदूला इजा होते. एवढे करून कुत्रा वाचतो, बहुतेक वेळा वाचतोच, पण त्याला त्या टेबलावर आणण्याची गरजच नव्हती.

उलट, औषधे चालू राहिली तर काय होते, याचाही हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेत उपचार घेतलेल्या २०५ कुत्र्यांचा आढावा १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचारानंतरच्या आयुष्याचा मध्यांक ४.७ वर्षे होता, आणि आजार साधारणपणे मध्यम वयात पकडला जातो हे ध्यानात घेतले तर हे आयुष्य जवळजवळ पूर्णच म्हणावे लागेल.

ज्यांचा कुत्रा आधीच या औषधांवर आहे त्यांच्यासाठी काही सूचना. निरोगी ग्रंथी ताणाच्या दिवशी कॉर्टिसॉल वाढवते. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत ते काम तुम्हाला करायचे आहे. दिवाळीचे फटाके, लांबचा प्रवास, घर बदलणे, काही दिवस दुसऱ्याकडे ठेवणे, शस्त्रक्रिया, ताप, अशा वेळी प्रेडनिसोलोनची मात्रा किमान दुप्पट करावी लागते. ती किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि फटाके सुरू होण्यापूर्वीच द्यावी. गोळ्यांचा साठा निदान पंधरा दिवस पुरेल इतका घरात असावा, कारण फ्लुड्रोकॉर्टिसोन प्रत्येक दुकानात मिळत नाही. कुत्र्याने गोळी उलटीत टाकली, किंवा एक दिवस खाणे सोडून तो थरथरू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात आजाराचे नाव, दोन्ही औषधांच्या मात्रा आणि शेवटची गोळी केव्हा दिली ते सांगावे.